स्मृती हरवलेल्यांची शुश्रूषा

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. वय झाले की माणसाची बुद्धी चळायचीच, असा समज या म्हणीत दडलेला आहे. 'म्हातारचळ लागला', 'भ्रमिष्ट झाले', 'मुद्दाम करतात' हे शब्दप्रयोगही आपल्या बोलण्यात सहज येतात. भाषा पुष्कळ गोष्टी उजेडात आणते, तशी काही गोष्टी झाकूनही ठेवते. वृद्धापकाळी काही माणसांच्या वागण्यात जो विलक्षण बदल होतो, तो स्वभावाचा दोष नसून मेंदूचा आजार असतो, ही गोष्ट या शब्दांनी दीर्घकाळ झाकून ठेवली. या आजाराला स्मृतिभ्रंश किंवा डिमेन्शिया म्हणतात. प्रस्तुत पाठात या आजाराची थोडक्यात ओळख करून घेऊ आणि मग मुख्य प्रश्नाकडे वळू. अशा माणसाचा सांभाळ घरातच करायचा, तर तो कोणी, कसा आणि कोणत्या तयारीने करावा?

विसराळूपणा की आजार?

चष्मा कोठे ठेवला हे विसरणे सर्वांच्याच वाट्याला येते. चष्मा हातात घेऊन 'हे कशासाठी असते?' असा प्रश्न पडणे, ही मात्र निराळी गोष्ट आहे. आयुष्यभर भाजी विकलेल्या बाईला सुट्ट्या पैशांचा हिशेब जमेनासा होतो. नेहमीच्या गल्लीत वाट चुकते. बोलता बोलता 'पातेले' हा शब्द सापडत नाही आणि 'ते भाताचे' असे म्हणून वेळ मारून न्यावी लागते. या आजारात आधी अलीकडच्या आठवणी पुसल्या जातात आणि जुन्या पुष्कळ दिवस टिकतात. सकाळी काय खाल्ले ते सांगता न येणारे आजोबा आपल्या लग्नातील पंगतीचे पदार्थ मात्र क्रमाने सांगतात. त्यामुळे घरच्यांना हे सारे सोंग वाटू लागते, आणि पुढील अनेक भांडणांचे मूळ येथेच असते.

स्मृतिभ्रंश हे एका आजाराचे नाव नसून लक्षणसमूहाचे नाव आहे. त्याला कारणीभूत होणाऱ्या आजारांपैकी सर्वांत जास्त आढळणारा म्हणजे अल्झायमर. जर्मन डॉक्टर आलोइस अल्झायमर यांनी १९०१ साली फ्रँकफुर्ट येथील रुग्णालयात ऑगस्टे डेटर नावाच्या ५१ वर्षांच्या स्त्रीला तपासले. नाव लिहायला सांगितले तर ती लिहिता लिहिता मध्येच थांबत असे. १९०६ साली तिच्या निधनानंतर अल्झायमर यांनी तिच्या मेंदूचे सूक्ष्मदर्शकाखाली परीक्षण केले आणि त्यात आढळलेले बदल त्याच वर्षी डॉक्टरांच्या सभेपुढे मांडले. मेंदूच्या रक्तवाहिन्यांत अडथळे येऊनही स्मृतिभ्रंश होतो. उच्च रक्तदाब व मधुमेह यांकडे दुर्लक्ष झाले की हा धोका वाढतो.

येथे एक सावधगिरीची सूचना करणे अगत्याचे आहे. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईड ग्रंथीचे विकार आणि खोल नैराश्य यांमुळेही स्मृतिभ्रंशासारखी लक्षणे दिसतात, आणि त्यांवर उपचार होऊ शकतात. म्हणून तपासणीवाचून कोणावरही शिक्का मारू नये. अल्झायमर पूर्ण बरा करणारे औषध आज उपलब्ध नाही. काही औषधांनी लक्षणांना काही काळ आळा बसतो, एवढेच.

भारतात ६० वर्षांवरील व्यक्तींपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे अंदाजे ८८ लाख माणसांना हा आजार असावा, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासातून पुढे आला. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत त्याचे प्रमाण अधिक आढळले. या माणसांसाठीच्या विशेष निवासी संस्था आपल्याकडे अत्यंत थोड्या आहेत. म्हणजे बहुतेक सर्वांचा सांभाळ घरातच होतो आणि पुढेही बराच काळ घरातच होणार.

घराचे महत्त्व

घरी सांभाळ करण्याला नाइलाजापलीकडचे एक कारणही आहे. ज्याचे शब्द आणि माणसांची नावे हरवत चालली आहेत, त्याच्या हातापायांना मात्र घर आठवत असते. नळ कोठे आहे, देवाचा कोनाडा कोणता, उंबरा किती उंच, हे ज्ञान बुद्धीच्या नव्हे तर सवयीच्या आधाराने टिकते. नव्या जागी तोच आधार सुटतो आणि माणूस एका दिवसात अधिक गोंधळतो. रुग्णालयातून परतलेल्या वृद्धांच्या घरी हा अनुभव वारंवार येतो.

परंतु 'घरी सांभाळ' या दोन शब्दांचा प्रत्यक्षातील अर्थ काय होतो? बहुधा एकच व्यक्ती सांभाळ करते आणि बाकीचे तिला सूचना करतात. ती व्यक्ती म्हणजे पत्नी, सून किंवा अविवाहित मुलगी. परगावी अथवा परदेशी असलेला मुलगा पैसे पाठवतो, दूरध्वनीवर चौकशी करतो आणि 'माझ्याशी तर आई व्यवस्थित बोलते' असा निर्वाळाही देतो. घरात मात्र रात्री तीनदा उठावे लागते, दार उघडे तर राहिले नाही ना हे पाहावे लागते आणि सकाळी पुन्हा कामावर जावे लागते. हे काही महिने चालते असे नाही. अनेक घरांत ते आठ-दहा वर्षे चालते. सांभाळणारी व्यक्तीच पुढे पाठीच्या दुखण्याने, निद्रानाशाने व नैराश्याने खचते. पुण्यातील काही स्वमदत गटांनी दीर्घ आजारांच्या संदर्भात रुग्णाला 'शुभार्थी' आणि त्याची काळजी घेणाऱ्याला 'शुभंकर' असे सुंदर शब्द रूढ केले आहेत. या शब्दजोडीचा गुण असा, की तीत दोघांचेही शुभ गृहीत धरले आहे.

मावशी येते तेव्हा

शहरांत आता पगारी मदतीची प्रथा रुळली आहे. आपण जिला मावशी, ताई किंवा दिल्ली-इंदूरकडे दीदी म्हणतो, ती बहुधा एखाद्या ब्युरोमार्फत बारा किंवा चोवीस तासांच्या पाळीवर येते. तिच्याखेरीज ठरावीक दिवशी घरी येणाऱ्या परिचारिका असतात. जखम बांधणे, इंजेक्शन देणे, नळीवाटे अन्न देणे ही कामे त्यांनीच करावीत. परंतु दिवसाचे चोवीस तास ज्या कामाने व्यापलेले असतात ते काम मावशीचे, आणि म्हणून आपण तेच अधिक बारकाईने पाहू.

हे काम अकुशल आहे असा गैरसमज सार्वत्रिक आहे. एक साधी अंघोळ घ्या. स्मृतिभ्रंश झालेली व्यक्ती अंघोळीला नको म्हणते, कधी मारायलाही धावते. अननुभवी माणूस म्हणेल, 'आजी हट्टी आहेत.' जाणती मावशी कारण शोधते. थंडी वाजते का? डोक्यावर अचानक येणाऱ्या फवाऱ्याच्या धारांची भीती वाटते का? अनोळखी स्त्रीने लुगड्याला हात लावल्याची लाज वाटते का? मग ती बादलीत कोमट पाणी काढते, बसायला स्टूल ठेवते, अंगाभोवती टॉवेल राहू देते, तांब्या आजींच्याच हातात देते आणि 'आता पायावर पाणी घ्या' असे एका वेळी एकच वाक्य बोलते. एवढ्याने ज्या घरात रोज आरडाओरडा होई तेथे अंघोळ निमूट पार पडते. एखादा दिवस तरीही पार पडत नाही. तेव्हा अंग पुसून घेऊन विषय सोडून देणे हेही कौशल्यच होय.

दुसरा प्रसंग घ्या. मुंबईच्या गिरणगावात आयुष्य काढलेला एक वृद्ध कामगार पहाटे उठून पहिल्या पाळीला निघतो, अशी कल्पना करा. गिरणी केव्हाच बंद पडली आहे. 'अहो, कुठली गिरणी? वीस वर्षे झाली!' असे सांगून काय होईल? त्याच्या दृष्टीने त्याला कामावर उशीर होत आहे आणि ही अनोळखी बाई वाट अडवीत आहे. तो चिडणारच. त्याऐवजी हातात डबा देऊन, सोबत खाली उतरून, चाळीला एक फेरी मारून, वाटेत गिरणीतल्या जोडीदारांच्या गोष्टी विचारीत त्याला परत आणता येते. परतेपर्यंत कामावर जाण्याची घाई बहुधा ओसरलेली असते. याला फसवणूक म्हणावे काय, असा प्रश्न एखादा विद्यार्थी विचारील. प्रश्न रास्त आहे. येथे आपण कोणताही स्वार्थ साधत नाही; त्या माणसाच्या मनात या क्षणी जे जग उभे आहे, त्या जगात जाऊन त्याला भेटतो, असे याचे उत्तर देता येईल. खोटे सांगण्यापेक्षा विचारणे केव्हाही बरे. स्वतःच्याच घरात बसून 'मला घरी जायचंय' म्हणणाऱ्या आजीला 'तुमचं घर कसं होतं, अंगणात काय होतं?' असे विचारले, तर पारिजातकापासून गोठ्यापर्यंत सारे बाहेर येते. तिला हवे असते ते बहुधा घर नसून घरी असल्याची भावना असते.

दिवसाच्या इतर वेळांपेक्षा सायंकाळ कठीण जाते. आपल्या भाषेत या वेळेला 'कातरवेळ' असा किती नेमका शब्द आहे! उजेड कमी होतो, सावल्या लांबतात, दिवसभराचा शीण साठलेला असतो आणि अनेक रुग्ण याच वेळी अस्वस्थ होतात, येरझारा घालतात, रडतात. यावर उपाय साधे आहेत. अंधार पडण्यापूर्वीच दिवे लावावेत, टीव्हीचा आवाज बंद करावा, पाहुणे या वेळी बोलावू नयेत, आणि दिवेलागणीला त्या घरात जे नित्य होत आले असेल, मग तो परवचा असो, नमाज असो की नुसता चहा, ते रोज त्याच वेळी व्हावे. हाताला काम असले की मन स्थिरावते. मेथी निवडणे, लसूण सोलणे, धुतलेल्या रुमालांच्या घड्या घालणे ही कामे चुकली तरी बिघडत नाही. घडी वाकडी झाली म्हणून ती आजींच्या देखत पुन्हा घालू नये, इतकेच पथ्य.

या कामात चोरीचा आळ हा मावशीच्या वाट्याला येणारा सर्वांत कडू घोट असतो. 'माझ्या पाटल्या हिनेच घेतल्या' असे आजी सर्वांसमोर म्हणतात. वस्तू कोठे ठेवली ते आठवत नाही, आणि ठेवल्याचे विसरलो हेही आठवत नाही. मग मनाला उरलेले स्पष्टीकरण चोरीचेच असते. हा आजाराचा भाग आहे हे तिला पहिल्याच दिवशी सांगितलेले असले पाहिजे, आणि कुटुंबानेही ते लक्षात ठेवले पाहिजे. दागिने व रोख रक्कम मावशी येण्यापूर्वीच लॉकरमध्ये जावीत. ही काळजी तिच्यावरील अविश्वासापोटी नव्हे, तिच्या संरक्षणासाठी घ्यावयाची असते. आळ घेतला गेला की वाद न घालता 'चला, आपण दोघी मिळून शोधू' म्हणावे.

काही गोष्टी मात्र कोणत्याही परिस्थितीत करू नयेत. रुग्णाला खुर्चीला वा पलंगाला बांधून ठेवू नये. शांत राहावा म्हणून डॉक्टरांना न विचारता झोपेची वा मनोविकारांची गोळी देऊ नये. मनोविकारांवरील काही औषधांमुळे स्मृतिभ्रंशाच्या वृद्ध रुग्णांत मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ सालीच दिला आहे. तसेच कालपर्यंत बऱ्यापैकी असलेला माणूस आज एकाएकी फार गोंधळला, बरळू लागला वा सुस्त झाला, तर 'आजार वाढला' असे समजून स्वस्थ बसू नये. मूत्रमार्गातील जंतुसंसर्ग, शरीरातील पाणी कमी होणे, बद्धकोष्ठ, एखादे नवे औषध अशी कारणे त्यामागे असू शकतात. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. असा बदल सर्वप्रथम ध्यानात येतो तो दिवसभर जवळ असणाऱ्या मावशीच्याच. म्हणून तिचे म्हणणे डॉक्टरांपर्यंत पोहोचले पाहिजे.

गोव्यातील एक प्रयोग

हे कौशल्य शिकवता येते काय? त्यासाठी मोठ्या पदव्या लागतात काय? या प्रश्नांचे उत्तर आपल्या शेजारच्या गोव्याने दिले आहे. तेथे डॉ. अमित डायस, डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तींच्या ८१ कुटुंबांबरोबर एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. त्यांनी गृहसेवा सल्लागार म्हणून डॉक्टर वा परिचारिका नेमल्या नाहीत. कोकणी अस्खलित बोलणाऱ्या, बेताचे शालेय शिक्षण झालेल्या आणि कामाची आच असलेल्या स्थानिक व्यक्ती निवडल्या आणि त्यांना एका आठवड्याचे सखोल प्रशिक्षण दिले. मदतीला मानसोपचारतज्ज्ञ होतेच. हे सल्लागार सहा महिने, किमान पंधरवड्यातून एकदा, घरी जात. हा आजार आहे, खोड नव्हे, हे कुटुंबाला समजावीत. अंघोळ, जेवण, रात्रीची भटकंती यांबाबत त्या त्या घराला मानवेल असा मार्ग सुचवीत. गरज पडल्यास डॉक्टरांकडे पाठवीत आणि शासकीय योजनांची माहितीही देत.

सर्व कुटुंबांना एकाच वेळी ही मदत दिली गेली नाही. जवळपास निम्म्यांना ती आधी मिळाली व उरलेल्यांना सहा महिन्यांनंतर. त्यामुळे दोन गटांची तुलना करता आली. ज्यांना मदत मिळाली त्या घरांतील सांभाळणाऱ्या व्यक्तींचे मानसिक स्वास्थ्य सुधारले आणि रुग्णाच्या वागण्यामुळे होणारा त्यांचा मनस्ताप लक्षणीय प्रमाणात कमी झाला. आजार काही मागे हटला नाही, आणि तसा दावाही कोणी केला नाही. परंतु त्याच आजारासह त्याच घरात राहणे अधिक सुसह्य झाले. शाळा अर्ध्यावर सोडावी लागलेल्या आणि आता पुन्हा पुस्तक हाती घेतलेल्या आपल्या विद्यार्थ्यांना या प्रयोगाचे मोल अधिक जाणवेल, अशी अपेक्षा आहे. एक आठवड्याचे नेटके शिक्षण, बोलीभाषेवरील प्रभुत्व आणि माणसाविषयीची आस्था एवढ्या भांडवलावर तेथे हे काम उभे राहिले.

आज केंद्र शासनाच्या सामाजिक न्याय मंत्रालयाच्या अखत्यारीतील राष्ट्रीय समाज रक्षा संस्थान वृद्धसेवेचे प्रशिक्षण देते, तसेच कौशल्यविकास योजनांतही गृहआरोग्य-साहाय्यकाचे अभ्यासक्रम आहेत. १९९२ साली केरळात स्थापन झालेली अल्झायमर अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था कुटुंबांसाठी व सेवकांसाठी काम करते. तिच्या शाखा अनेक शहरांत आहेत. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनीही आहे. असे असले तरी ब्युरोतून येणाऱ्या बहुसंख्य स्त्रियांना स्मृतिभ्रंशाचे म्हणून काही शिक्षण मिळालेले नसते, हे मान्य केले पाहिजे. त्या पहिल्या आजींच्या घरी शिकतात आणि दुसऱ्या आजींच्या घरी ते वापरतात.

भाषेची सोबत

भाषेच्या पाठ्यपुस्तकात हा विषय का, याचेही उत्तर येथेच देता येईल. स्मृतिभ्रंशात पुढे शिकलेल्या भाषा आधी मागे पडतात आणि लहानपणची भाषा शेवटपर्यंत तग धरते, असे अनेकदा दिसते. बडोद्यात, इंदुरात किंवा हैदराबादेत आयुष्य गेलेली, गुजराती, हिंदी वा तेलुगू सफाईने बोलणारी मराठी आजी एके दिवशी केवळ मराठीत, तेही माहेरच्या बोलीत, बोलू लागते. तिच्या सोबतीची मुलगी अन्य प्रांतांतून आलेली असते. 'तहान लागली' एवढे दोन शब्द न कळल्यामुळे तासभर रडारड होऊ शकते. अशा घरांनी पाणी, भूक, दुखणे, लघवी, झोप, थंडी यांसाठीचे आजींच्या बोलीतले वीस-पंचवीस शब्द, त्यांचे लाडके एखादे गाणे आणि माहेरच्या गावाचे नाव सेविकेच्या लिपीत एका कागदावर लिहून द्यावे. पुण्या-मुंबईत आयुष्य काढलेल्या तमिळ वा सिंधी आजोबांच्या घरी मराठी मावशीलाही असाच कागद लागेल.

भाषेचा या आजाराशी आणखी एक संबंध आहे. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसमध्ये डॉ. सुवर्णा अल्लाडी व सहकाऱ्यांनी ६४८ रुग्णांचा अभ्यास केला. तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा दोन वा अधिक भाषा बोलणाऱ्यांत आजाराची लक्षणे सरासरी साडेचार वर्षे उशिरा दिसली, आणि निरक्षर रुग्णांतही हा फरक आढळला. सर्वच संशोधनांत असा फरक दिसलेला नाही, आणि अनेक भाषा येणाऱ्याला हा आजार होतच नाही असेही नाही. तरीही परप्रांतात राहून मराठी शिकणाऱ्याला हे वाचून थोडा हुरूप यावा.

'अस्तु' हा सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा चित्रपट ज्यांनी पाहिला असेल, त्यांना एक पात्र आठवेल. संस्कृतचे व्यासंगी प्राध्यापक अल्झायमरने सारे विसरत चालले आहेत. रस्त्यात दिसलेल्या हत्तीच्या मागे ते निघून जातात. माहुताची बायको चन्नम्मा त्यांना आपल्या पालात ठेवून घेते. त्यांची विद्वत्ता तिला ठाऊक नाही, भाषाही पुरती जुळत नाही. ती त्यांना 'तुम्ही कोण' असे पुनःपुन्हा विचारीत नाही. भूक लागली असेल हे ओळखून खाऊ घालते. या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना २०१३ या वर्षासाठीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. लेकींची तगमग आणि चन्नम्माची सहजता या दोन्ही गोष्टी चित्रपट सारख्याच आस्थेने दाखवतो. लेकींना वडील कोण होते ते ठाऊक आहे, म्हणून त्यांना अधिक वेदना होतात. पगारी सेविकेचे बळही थोडेफार असेच असते. तिने आजोबांना आधी कधी पाहिलेले नसते. त्यामुळे काय हरवले याचे दुःख तिला नसते आणि काय उरले आहे ते तिला स्वच्छ दिसते.

घरच्यांची बाजू

याचा अर्थ मावशी आली म्हणजे कुटुंब मोकळे झाले, असा नाही. आई परक्या बाईच्या हाती सोपवली म्हणून नातेवाईक बोल लावतात, ते अन्यायाचे आहे. परंतु मावशीला घरात आणून स्वतः दुसऱ्या खोलीत दार लावून बसणे हेही तितकेच चूक. आजींना चहा कोणता आवडतो, कशाची भीती वाटते, कोणत्या मुलाचे निधन झाले आहे व त्याचा विषय काढू नये, त्या पूर्वी काय काम करीत, हे घरच्यांवाचून तिला कोण सांगणार? दोन पानांचा असा जीवनपट आणि रोजच्या जेवणाची, औषधांची, झोपेची, शौचाची नोंद ठेवणारी एक साधी वही, ही या कामाची मुख्य साधने आहेत. गॅसची मुख्य कळ बंद ठेवणे, न्हाणीघराची कडी बाहेरून उघडेल अशी बसवणे, खिशात वा गळ्यात नाव-पत्त्याची चिठ्ठी ठेवणे, शेजाऱ्यांना व पहारेकऱ्याला आजाराची कल्पना देणे, ही कामेही घरच्यांचीच.

पाहुण्यांची शिस्तही घरच्यांनीच राखावी. 'ओळखा पाहू मी कोण?' हा आपल्याकडचा जिव्हाळ्याचा प्रश्न स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला परीक्षेसारखा वाटतो, आणि त्या परीक्षेत तो चारचौघांत नापास होतो. त्याऐवजी आल्याबरोबर 'मामी, मी तुमची भाची, सांगलीहून आले' असे म्हणावे. ओळख पटली नाही तरी माणसे जवळ बसली याचा आनंद चेहऱ्यावर दिसतो.

आता मावशीच्या बाजूने. चोवीस तासांच्या पाळीत झोप केव्हा घ्यायची, हे बहुतेक घरांत ठरलेलेच नसते. आजोबा रात्रभर जागे असतील, तर दिवसा तिला सलग झोप मिळालीच पाहिजे. अन्यथा थकलेल्या माणसाचा संयम सुटतो आणि त्याची झळ आजोबांनाच लागते. साप्ताहिक सुट्टी, त्या दिवसाची बदली, जेवण, झोपण्याची जागा, ब्युरोचे शुल्क वगळून तिच्या हाती पडणारा पगार, हे सारे पहिल्याच दिवशी कागदावर असावे. ब्युरोकडून ओळखपत्र व पोलीस पडताळणीचा कागद जरूर मागावा. तसा आपणही तिला एक कागद द्यावा, ज्यावर तिची कामे लिहिलेली असतील. नाही तर आजोबांच्या सोबतीसाठी आलेली बाई हळूहळू भांडी, कपडे, केर-लादीपर्यंत पोहोचते आणि आजोबा खिडकीपाशी एकटे राहतात. तिने खाडा केला की घर कोसळते, यातच तिच्या कामाचे मोल स्पष्ट होते. तरीही ते पगारात क्वचितच उतरते.

दुसरीकडे, दोन पाळ्यांच्या सेविकांचा खर्च मध्यमवर्गीय घराच्या मासिक प्राप्तीचा मोठा हिस्सा खातो, आणि गरीब घराला तो विचारच करता येत नाही. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह आणि कल्याणाचा कायदा २००७ साली झाला. त्याने मुलांवर पोटगीची जबाबदारी टाकली. परंतु जबाबदारी पेलू पाहणाऱ्या मुलाला आठवड्यातून दोन दिवस उसंत कोण देणार, हा प्रश्न कायद्याच्या कक्षेबाहेरच राहिला. गावपातळीवरील आशा सेविकांना गोव्यातील प्रयोगासारखे प्रशिक्षण देणे, दिवसभराची सांभाळकेंद्रे काढणे हे मार्ग अशक्य कोटीतले नाहीत.

शेवटचा टप्पा

आजार पुढे जातो तसा माणूस बोलेनासा होतो, अंथरुणाला खिळतो. शय्याव्रण होऊ नयेत म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. गिळणे अवघड होते. पाठ टेकवून ताठ बसवून, मऊ भात किंवा दाटसर पेज लहान चमच्याने भरवावी लागते, आणि पहिला घास गिळला गेला हे पाहूनच दुसरा द्यावा लागतो. एका जेवणाला तास लागतो. या तासाला घाई चालत नाही. स्पर्श आणि सूर या अवस्थेतही पोहोचतात. हातावर तेल चोळताना गुणगुणलेल्या ओवीला पापण्यांची किंचित हालचाल प्रतिसाद देते, असे अनेक सेविका सांगतात.

मृत्यूनंतर घरच्यांना भेटायला माणसे येतात. मावशीचा हिशेब मात्र पुष्कळदा त्याच दिवशी चुकता केला जातो आणि ब्युरो तिला दुसऱ्या दिवशी दुसऱ्या घरी पाठवतो. चार-पाच वर्षे जिने रोज घास भरवला, तिला रडायलाही जागा मिळत नाही. काही घरांत आता तेराव्याला तिला सन्मानाने बोलावून घरच्यांच्या पंगतीत बसवतात, आणि आजींचे एखादे लुगडे तिला हवे आहे का, असे विचारतात.